मेंदूच्या धमन्या, कॅल्शियम आणि एकवीस दिवस

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, पहूर येथे दिलेले भाषण)



चिटणीस साहेबांचा निरोप आला की, यंदाच्या मेळाव्यात आरोग्यावर काही बोलावे. आरोग्य म्हटले की उकळलेले पाणी, हिरव्या भाज्या आणि मुलांच्या लसी हे विषय ठरलेले असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण ते तुम्ही अशा व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकले आहेत, आणि त्या वेळी मागच्या रांगेतील मुले काय करीत असतात हेही मी पाहिले आहे. म्हणून आज मी जरा अवघड, पण आपल्या घरापर्यंत येऊन पोचणारा विषय निवडला आहे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या काही वेळा आखडतात. त्या का आखडतात, आखडल्या म्हणजे माणसाचे काय होते, आणि कॅल्शियमला अडविणारे औषध तेथे कितपत उपयोगी पडते, हे मी सांगणार आहे. 'कितपत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याचे कारण पुढे येईल.

आधी एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. माणसे आपल्याच भागातील आहेत. घरातील बाईंचे वय पंचेचाळीस. मे महिन्यात सकाळी गच्चीवर कुरडया वाळत घालीत असता त्यांचे डोके एकाएकी असे दुखले की, कोणी डोक्यात घण घातला असे त्यांना वाटले. त्या तेथेच बसल्या, उलटी झाली. घरच्यांना वाटले ऊन लागले. आपल्या खान्देशात मे महिन्यात दुसरे काय वाटणार? तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचे पन्हे पाजले, शेजारणीने नजर उतरविली. रात्री मान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावला नेले, सीटी स्कॅन झाला, त्यात मेंदूभोवती रक्त साकळलेले दिसले. तेथून मोठ्या शहरात हलविले आणि तिसऱ्या दिवशी फुटलेली जागा बंद करण्यात आली.

पाचव्या दिवशी बाई उठून बसल्या, चहा प्यायल्या, मुलांची नावे घेतली. घरात सर्वांनी अल्लाहचे आभार मानले. खर्च वाढत होता, नात्यात लग्न होते. "आता बाई चांगली झाली, ठेवायचे कशाला?" असे म्हणून सही केली आणि त्यांना घरी आणले. सोबत गोळ्या होत्या : दर चार तासांनी दोन. दिवसा त्या वेळेवर दिल्या. रात्री आजारी माणसाची झोप मोडू नये म्हणून दिल्या नाहीत. आठव्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. पुन्हा धावपळ झाली. आज त्या चालतात, घरातले काम करतात, पण बोलणे पूर्ववत् झाले नाही. नातवाला हाक मारायची तर शब्द ओठांशी येऊन थांबतो.

गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर हे नक्की टळले असते असे मी म्हणणार नाही. कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. आणि त्या घरात कोणी निष्काळजीही नव्हते. उलट झोप मोडू नये असे वाटणे ही मायाच होती. फक्त एक गोष्ट त्यांना कोणी नीट बसवून सांगितली नव्हती : या आजारात संकट दोनदा येते. पहिल्यांदा ते गाजावाजा करीत येते, आणि दुसऱ्यांदा माणूस बरा होत आहे असे वाटत असताना येते. आजचे सगळे बोलणे त्या दुसऱ्या संकटाविषयी आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के असते, पण शरीर वापरते त्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदू एकटा खातो. त्याला साठवण ठाऊक नाही. पोटाला एक वेळचे जेवण न मिळाले तर चालते, आणि रोजे धरणाऱ्यांना ते मी सांगायला नको. मेंदूला मात्र काही मिनिटे रक्त न मिळाले तर त्याचे नुकसान होऊ लागते. हे रक्त मानेतून चार धमन्यांवाटे वर जाते, दोन पुढून आणि दोन पाठीमागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने १६६४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्या कड्याला त्याचे नाव आहे. त्याच्या ग्रंथातील चित्रे काढण्याला ज्या ख्रिस्तोफर रेनने हातभार लावला, त्यानेच पुढे लंडनचे सेंट पॉल चर्च बांधले.

रक्ताच्या प्रवासाची गोष्ट निघाली आहे तर एक नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. तेराव्या शतकात दमास्कसला शिकलेला आणि कैरोत वैद्यकी करणारा इब्न अन्-नफीस. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातील छिद्रांतून डावीकडे जाते, असे गॅलनपासून सर्व मानीत आले होते. इब्न सीनासारख्या थोराच्या ग्रंथातही तेच होते. इब्न अन्-नफीसने त्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना स्पष्ट लिहिले की, त्या पडद्यात छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून येते. त्याचे हे लिखाण विस्मरणात गेले आणि १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयात ते पुन्हा शोधले. आपण पूर्वजांचा अभिमान पुष्कळ सांगतो, पण इब्न सीनाचा पुरा आदर ठेवून त्याच्याशी असहमत होण्याचे त्याचे धैर्य क्वचित सांगतो.

आता त्या कड्याकडे वळू. जेथे धमनीला फाटा फुटतो तेथे तिची भिंत काही माणसांत कमजोर असते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटा यावा तशी. शंभर प्रौढ माणसांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगवटा असतो. बहुतेकांना तो जन्मभर कळत नाही आणि त्रासही देत नाही, तेव्हा आज घरी जाऊन कोणी डोके चाचपू नये. पण वाढलेला रक्तदाब, विडी-सिगारेट आणि काही घरांत आनुवंशिकता यांमुळे एखादा फुगवटा फुटतो. रक्त मेंदूच्या आवरणाखाली पसरते. घणाचा घाव बसावा तशी डोकेदुखी ती हीच. हे पहिले संकट. यात अनेक जण रुग्णालयात पोचण्यापूर्वीच दगावतात. जे पोचतात त्यांच्या धमनीची फुटलेली जागा बाहेरून चिमटा लावून, किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन आत प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरून बंद करतात. पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणून ही घाई.

जागा बंद झाली, रक्त थांबले. मग दुसरे संकट कोठून येते?

धमनीच्या बाहेर सांडलेले रक्त तेथेच साकळते आणि हळूहळू कुजू लागते. त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील लाल द्रव्य धमन्यांच्या बाहेरच्या अंगाला माखते. धमन्यांना ते सोसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या आखडू लागतात, सातव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास सर्वांत जास्त आखडतात, आणि दोन-तीन आठवड्यांत सैल होतात. आता हे दिवस त्या बाईंच्या कहाणीशी ताडून पाहा. पाचव्या दिवशी घरी आणले, आठव्या दिवशी वाचा गेली.

आपल्या जिल्ह्यातील केळीच्या बागेत ठिबकची नळी पाहिलेल्या मुलांना हे समजायला वेळ लागणार नाही. मोटर चालू आहे, विहिरीत पाणी आहे, नळी कोठे फुटलेलीही नाही. पण मध्येच कोणी नळीवर पाय ठेवून उभा राहिला तर पुढची झाडे सुकू लागतात. नळी तुटली तर पाणी उडते आणि सालदार धावत येतो. पाय ठेवला असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. पाने मान टाकतात तेव्हाच कळते.

धमनीवर हा पाय कोण ठेवतो? तिच्या भिंतीत असलेला स्नायू. हाताच्या दंडात जसा स्नायू असतो तसा धमनीच्या भिंतीतही असतो, फक्त तो आपल्या इच्छेने चालत नाही. आणि कोणताही स्नायू आकसायचा म्हणजे त्याला एक हुकूम लागतो. हा हुकूम घेऊन येणारा जासूद म्हणजे कॅल्शियम.

हे प्रथम कसे कळले त्याची हकीकत शाळेतल्या मुलांसाठी सांगतो, कारण ती एका चुकीची हकीकत आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. ते बेडकाचे हृदय बाहेर काढून मिठाच्या द्रावणात ठेवीत आणि ते किती वेळ धडधडते ते पाहत. १८८२ साली त्यांनी लिहिले की, अशा द्रावणात हृदय छान चालते. पुढे त्यांनी स्वतः शुद्ध, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेले पाणी घेऊन द्रावण केले, तर हृदय थोड्याच वेळात थांबले. चौकशी करता कळले की, आधीचे द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने बनविले गेले होते. लंडनच्या नळाच्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, अंश होता आणि हृदय त्याच्यावर चालत होते! १८८३ साली रिंगरांनी आपली चूक आपणच छापून जाहीर केली. चूक लपविली असती तर त्यांची अब्रू फार तर राहिली असती. शोध मात्र गेला असता. आज दवाखान्यात सलाईनची जी 'आर.एल.' बाटली लावतात तिच्यातील 'आर' म्हणजे हेच रिंगर.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम जितके असते त्याच्या दहा हजारावा हिस्सादेखील पेशीच्या आत मोकळे नसते. पेशी दारे बंद करून बसलेली असते. इशारा मिळाला की दारे उघडतात, कॅल्शियम आत धावते, आतल्या प्रथिनांना चेतविते आणि स्नायू आकसतो. काम झाले की पेशी त्याला पुन्हा बाहेर काढते. साकळलेल्या रक्ताच्या माऱ्याने धमनीच्या स्नायूत ही दारे उघडी राहतात आणि इतरही अनेक बिघाड होतात, त्यामुळे तो आकसतो तो सैल व्हायचे नाव घेत नाही.

मग दारालाच अडसर घातला तर? जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन हे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकात हृदयाच्या काही नव्या औषधांची परीक्षा करीत होते. औषध दिले की हृदयाचे आकुंचन मंदावे, आणि कॅल्शियम वाढविले की ते परत जोर धरी. म्हणजे औषध कॅल्शियमच्या वाटेत उभे राहत होते. अशा औषधांना त्यांनी कॅल्शियमविरोधी असे नाव दिले. हल्ली डॉक्टर कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर म्हणतात. व्हेरापामिल, निफेडिपिन ही त्यांतली जुनी नावे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात ब्लड प्रेशरचा रुग्ण आहे त्यांनी गोळीच्या पाकिटावर 'अम्लोडिपिन' हा शब्द पाहिला असेल. तीही याच घराण्यातली.

याच घराण्यात निमोडिपिन नावाचे एक औषध निघाले, जे चरबीत सहज विरघळते आणि म्हणून रक्तातून मेंदूत शिरू शकते. मेंदूच्या धमन्यांवर त्याचा प्रभाव विशेष पडतो. ते माणसांना देऊन पाहिले तेव्हा अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आखडलेल्या धमन्यांमुळे ज्यांना जबर अपंगत्व किंवा मृत्यू आला असे रुग्ण साध्या गोळीच्या गटात साठांपैकी आठ होते, तर निमोडिपिनच्या गटात छप्पन्नांपैकी एक. आकडे लहान होते, म्हणून १९८९ साली ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. साध्या गोळीच्या गटात शंभरांतील तेहतीस जणांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मेला, निमोडिपिनच्या गटात बावीस जणांच्या. तीन महिन्यांनंतर ज्यांची अवस्था वाईट होती किंवा जे वाचले नाहीत, असे पहिल्या गटात शंभरांत तेहतीस, दुसऱ्यात वीस. तेव्हापासून जगभर हे औषध या आजारात दिले जाते.

येथे थांबलो असतो तर भाषण सोपे झाले असते. पण 'कितपत' या शब्दाचे देणे अजून बाकी आहे. धमन्यांचे फोटो काढून पाहिले तेव्हा निमोडिपिन घेणाऱ्यांच्या मोठ्या धमन्या फारशा कमी आखडलेल्या दिसल्याच नाहीत. माणसे अधिक बरी झाली, पण ज्या कारणाने व्हावीत असे वाटले होते ते कारण फोटोत सापडेना. उलट याच घराण्यातील निकार्डिपिन नावाचे औषध नऊशेच्या वर रुग्णांना देऊन पाहिले आणि त्याचा निकाल १९९३ साली आला. त्याने धमन्या आखडल्याची लक्षणे कमी झाली, शेहेचाळीस टक्क्यांवरून बत्तीसवर आली. पण तीन महिन्यांनी पाहता दोन्ही गटांतील माणसे सारखीच. एका औषधाने धमनी सैल न करता माणूस बरा केला, दुसऱ्याने धमनी सैल करून माणसाला फायदा दिला नाही!

आज तज्ज्ञांचे मत असे झुकले आहे की, मोठ्या धमन्यांचे आकुंचन हा या संकटाचा एक भाग आहे. फोटोत न दिसणाऱ्या बारीक धमन्या, त्यांत साचणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या आणि मेंदूच्या पेशींत उठणाऱ्या विद्युत लाटा हेही त्यात सामील असतात, आणि निमोडिपिन कदाचित तेथे काम करते. कॅल्शियमचा पूर आत आल्याने मरू घातलेल्या पेशींना तेच कॅल्शियम अडवून थोडे सावरत असेल. हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. दहावी-बारावीच्या ज्या मुला-मुलींना वाटते की शास्त्रात आता करण्यासारखे काही उरले नाही, त्यांनी हे कोडे वहीत लिहून ठेवावे. आणि पालकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, हे औषध कसे चालते याविषयी मतभेद आहेत, पण ते चालते याविषयी फारसे नाहीत.

आता घरगुती शंका. भाषणाआधी चहा घेताना एका वयस्क गृहस्थांनी विचारले की, कॅल्शियम एवढे घातक असेल तर दूध बंद करावे काय? बिलकूल नाही. दुधातले कॅल्शियम हाडांना लागते आणि हृदयालाही लागते, बेडकाची गोष्ट आताच सांगितली. औषध फक्त पेशीचे दार अडविते. ताटाशी त्याचा संबंध नाही. तंबाखूत चुना मळणारे मंडळी आता हसत असतील की चुना म्हणजे कॅल्शियमच. त्यांना माझे सांगणे, चुन्याला मी काही म्हणत नाही, तुम्ही तंबाखूचे बघा.

दुसरी शंका अम्लोडिपिनची. ती गोळी रक्तदाबासाठी आहे आणि ती रोज घेतल्याने दाब ताब्यात राहतो. दाब ताब्यात राहिला तर फुगवटा फुटण्याचा धोकाही कमी होतो. म्हणून 'आता बरे वाटते' म्हणून ती सोडू नये. पण डोके फार दुखले म्हणून एकाऐवजी तीन गोळ्या घेणे हा अविचार आहे. पूर्वी दाब एकदम वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची पद्धत आपल्याकडे आणि परदेशातही होती. दाब झपाट्याने खाली येई, सर्वांना बरे वाटे. पण काहींचा इतका कोसळे की मेंदूला आणि हृदयालाच रक्त मिळेना. १९९६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी हा प्रकार थांबवावा असे उघड लिहिले. आखडलेल्या नळीत पाणी पोचायचे तर मागचा दाब हवाच. निमोडिपिन देतानाही नर्स वारंवार दाब मोजते ती याचसाठी, आणि दाब उतरत असेल तर डॉक्टर मात्रा विभागून देतात. ते काम त्यांचे आहे, आपले नाही. आपले काम म्हणजे रुग्ण आधीपासून काय काय घेत होता ते सारे सांगणे. फिट्सवरची फेनिटॉइनसारखी औषधे निमोडिपिनचा असर कमी करतात. हकीमजींची पुडी असेल तर तीही दाखवावी, लाजू नये.

पहूर हे जळगाव ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे गाव आहे. अजिंठा पाहायला जाणारे जगातले लोक आपल्या स्टँडवरून जातात. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण मेंदूची शस्त्रक्रिया करणारे केंद्र जवळ नाही. जळगावला २०१८ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि धुळ्याचे त्याहून जुने आहे, ही मोठी सोय झाली. मद्रासचे थोर मेंदू-शल्यविशारद डॉ. बी. राममूर्ती यांनी १९६९ साली देशातल्या केंद्रांचा आढावा घेऊन लिहिले होते की, भारतात मेंदूच्या धमन्यांचे असे फुगवटे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतात. ते खरोखर कमी होते, की असे रुग्ण ऊन लागले, वारे लागले म्हणत घरीच जात होते आणि केंद्रापर्यंत येतच नव्हते? माझा स्वतःचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

तेव्हा ओळखायचे कसे ते ऐका. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, जी एका क्षणात शिगेला पोचते. सोबत उलटी, मान ताठ होणे, उजेड न सोसणे, शुद्ध जाणे, किंवा फिट येणे. नेहमीची अर्धशिशी हळूहळू चढते. ही चढत नाही, आदळते. काही जणांना मोठ्या स्फोटाआधी काही दिवस अशीच एक लहान डोकेदुखी होऊन जाते, आणि ती 'गेली' म्हणून विसरली जाते. अशा वेळी कांदा हुंगवू नये, चप्पल हुंगवू नये, ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण त्याने रक्त गोठायला उशीर लागतो. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि पैसे घेत नाही. निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत टाकावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी भेटावे, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

आणि आता त्या गोळ्या. निमोडिपिनची नेहमीची मात्रा साठ मिलिग्रॅम, म्हणजे तीस मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दर चार तासांनी, एकवीस दिवस. हिशेब मुलांनी करून पाहावा : दिवसाला बारा, एकूण दोनशे बावन्न. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा, रात्री दहा, आणि पुन्हा रात्री दोन. औषधाचा असर काही तासांतच ओसरतो, म्हणून रात्रीची दोनची वेळ ही दुपारच्या दोनइतकीच खरी. झोप मोडावी लागते. रमजान असेल तर आजारी माणसाला रोजे पुढे करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, आणि वडीलधाऱ्यांनी आपणहून तसे सांगितले तर रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते. रुग्णालयातून लवकर नेण्याचा मोह पाचव्या-सहाव्या दिवशी होतो. तेव्हा डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा : "धमन्या आखडण्याचे दिवस संपले काय?" उत्तर 'नाही' असेल तर लग्नघरी निरोप पाठवा.

गोळ्या घेऊनही काही जणांच्या धमन्या आखडतातच. म्हणून जवळ बसणाऱ्याचे डोळे आणि कान उघडे हवेत. बोलणे अडखळते काय, हातातली वाटी निसटते काय, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उशिरा येते काय. हे तासाभरात कळले तर डॉक्टर रक्तदाब मुद्दाम वाढवून, सलाईन देऊन, प्रसंगी बारीक नळीने थेट त्या धमनीत औषध सोडून ती मोकळी करू शकतात. दुसऱ्या दिवशी कळले तर मेलेला भाग परत येत नाही.

असे एक बसणे मला ठाऊक आहे. नववीतली मुलगी, वडिलांजवळ आईसोबत पाळी लावून बसत असे. तिने दुरेघी वहीत रकाने आखले होते : तारीख, वेळ, गोळ्या, हात, बोलणे. 'बोलणे' तपासायला रोज नवा प्रश्न कोठून आणायचा? वडील अनेक वर्षे पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने जा-ये करणारे. २०२० साली ती गाडी बंद झाली, पण स्टेशने त्यांना पाठ होती. म्हणून दर चार तासांनी गोळी दिली की ती त्यांना पाचोऱ्यापासूनची स्टेशने म्हणायला लावी. ते कंटाळत, एकदा रागावलेही. वहीत आठ दिवस 'सर्व बरोबर' लिहिलेले आहे. नवव्या दिवशी रात्री दोन वाजताची नोंद अशी : "गोळ्या दोन. हात ठीक. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पुढे आठवेना. पहूर म्हणता येईना." तिने तेथूनच सिस्टरला हाक मारली, सिस्टरने डॉक्टरांना उठविले. पुढच्या ओळी घाईत लिहिलेल्या आहेत, सलाईन आणि रक्तदाबाचे आकडे आहेत, ते मला वाचता आले. दहाव्या दिवशी सायंकाळी सहाच्या रकान्यात तिने लिहिले आहे : "पहूर, भागदरा, जामनेर. सर्व बरोबर."

ती वही मी सोबत आणली आहे, तिच्या वडिलांच्या परवानगीने. ज्यांना पाहायची असेल त्यांनी भाषणानंतर पुढे यावे, आणि ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी आताच विचारावे. खुदा हाफिज.